हरेश्वर, तुझी ती जादाची वायर

हरेश्वर, आपलं भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलास. हे काही बरं केलं नाहीस.

तुझ्या तेराव्याला लोक तुझ्याबद्दल बोलत होते. "शांत मानूस. कोनाच्या अध्यात नाय, मध्यात नाय." मी पत्रावळीवरचा भात चिवडत ऐकत होते आणि मला कळेना, हे नक्की कुणाबद्दल चाललंय. तू आणि शांत? रेडिएटरच्या एका पंख्यावरून तू माझ्याशी दिवाळीपासून भांडत होतास. शेवटच्या रविवारी तर पाना आपटलास आणि म्हणालास, "तू तुझ्या कंपनीत जा नि तिकडच्या वायरी काप!" माणूस गेला की त्याचे दात काढून घेतात आणि मग त्याला शहाण्यासारखा फोटोत बसवतात. मी तुला तसं बसू देणार नाही.

खरं म्हणजे मलाच सध्या कुठे बसवत नाही. कंपनीत कंट्रोल पॅनेल तपासताना एकच स्क्रू पुन्हा पुन्हा आवळत राहते. घरी भाजी फोडणीला टाकते, गॅस तसाच ठेवून खाली पार्किंगमध्ये जाते आणि माझ्या गाडीचं बॉनेट उघडून उभी राहते. विलास, माझा नवरा, खिडकीतून विचारतो, "काय झालं गाडीला?" गाडीला काहीच झालेलं नसतं. तू लावलेल्या दोन जादाच्या वायरी तिथे आहेत. त्या बघते आणि वर येते. तोवर भाजी करपलेली असते. विलास काही न बोलता खातो. तो खरा शांत माणूस.

त्या वायरींवरूनच आपली ओळख झाली. आम्ही विरारला फ्लॅट घेतला, मग ही सेकंडहँड गाडी घेतली, आणि ब्रेक दाबला की तिचा इंडिकेटर लागायला लागला. कुणीतरी नायगावच्या रस्त्यावरचं तुझं गॅरेज सांगितलं. मी डिप्लोमावाली, इलेक्ट्रॉनिक्सची. आल्या आल्या तुला सांगितलं, ब्रेकचा स्विच गेलाय, बदला. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "मंग माझ्याकडं कशाला आलीस? स्विच तर दुकानात मिलतो." पहिल्या वाक्यातच 'तू'. मी घाटावरची, साताऱ्याकडची. आमच्याकडे अनोळखी बाईला असं कुणी बोलत नाही. तुमच्याकडे खाडीकाठाला सगळेच 'तू', हे मला नंतर कळलं, आणि मग मीही मागे राहिले नाही.

तू स्विचला हातच लावला नाहीस. मागच्या दिव्याखालचा रंग खरवडलास, आतला हिरवट गंज मला बोटावर घेऊन दाखवलास, आणि दिव्यापासून गाडीच्या पत्र्यापर्यंत एक नवी वायर टाकलीस. ब्रेक लागला, इंडिकेटर गप्प. दिव्यात गेलेली वीज पत्र्यातून बॅटरीकडे परत जाते, त्या परतीच्या वाटेला तुम्ही लोक अर्थिंग म्हणता. ती वाट गंजली की वीज भलत्याच दिव्यातून घरी जाते. हे मी पुस्तकात शिकले होते. पण गंज किती लवकर खातो, ते पुस्तकात नव्हतं.

तुझ्या वडिलांचा जन्म मिठागरावर गेला. तुझ्या गॅरेजची पहिली गिऱ्हाइकं म्हणजे मिठाच्या गोण्या वाहणारे टेम्पो. त्यांच्या पत्र्यातून खारं पानी (बघ, तुझ्यासारखंच लिहायला लागले) ठिबकायचं, आणि चार महिन्यांत अर्थिंगचा स्क्रू हाताने मोडून यायचा. म्हणून तू प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला एक सोडून दोन-दोन, तीन-तीन अर्थिंग द्यायचास आणि वर बोटभर ग्रीस फासायचास. टेम्पोवाले त्या वायरीला 'शेपटी' म्हणायचे. वसईच्या होळी बाजारात भाजीचे टेम्पो लागले की त्यातला तुझ्या हातचा कुठला, ते वाकून बघितलं की कळायचं. "वसईत अर्थिंग जास्ती झालं म्हनून कोनाची गाडी बंद पडली नाय," हे तुझं वाक्य. मंत्रासारखं म्हणायचास.

आणि ते खरं होतं. कार्ब्युरेटरच्या गाड्या होत्या तोवर शंभर टक्के खरं होतं.

मग कॉम्प्युटरच्या गाड्या आल्या. मला आठवतं, एका नव्या गाडीचं बॉनेट तू उघडलंस, आतल्या त्या चंदेरी डबीकडे बघितलंस आणि बॉनेट हळूच लावून टाकलंस. गिऱ्हाइकाला म्हणालास, कंपनीच्या शोरूमला घेऊन जा. तुला कुणाला नाही म्हणताना मी पहिल्यांदा बघितलं. तो गेल्यावर तू बराच वेळ हात पुसत होतास. हात स्वच्छच होते.

त्यानंतर काही महिन्यांनी तू तो डबा आणलास. मुंबईचा कुणीतरी रेसवाला मुलगा, त्याची गाडी आदळून मोडली, त्यातला परदेशी कॉम्प्युटर. कुठल्याही इंजिनला जोडता येतो, फक्त सगळं वायरिंग आपलं आपण करायचं. तू तो तुझ्या जुन्या पांढऱ्या गाडीत बसवायचा ठरवलास. त्या गाडीचं चांगलं चाललेलं होतं. कार्ब्युरेटर काढून तिथे इंजेक्टर, पंप, सेन्सर, हे सगळं कशाला? तुझ्या मोठ्या भावाने तोंडावर विचारलं, "म्हातारपनी कसली हौस?" तू त्याला चहा घ्यायला सांगितलंस. मला मात्र म्हणालास, "हे एकदा माझ्या हातानं जमलं ना, की मंग कंच्याबी गाडीला घाबरायचं नाय. नायतर मी पंधरा वर्सं अजून काय करू? हॉर्न लावत बसू?" त्या दिवशी मी ठरवलं की दर रविवारी यायचं.

किती चुका केल्या आपण! सायबर कॅफेतून छापून आणलेल्या फिक्कट कागदावर कॉम्प्युटरच्या सॉकेटचं चित्र होतं. तू एकेक वायर मोजून, ओढून बघून लावलीस. किल्ली फिरवली तर पेट्रोल पंपाऐवजी इंजेक्टर टिकटिक करायला लागले. सगळं आरशातल्यासारखं उलटं झालं होतं. चित्र समोरून काढलेलं होतं आणि तू वायरींच्या बाजूने, म्हणजे पाठीमागून, मोजत होतास. अख्खं सॉकेट पुन्हा केलंस. मी हसले तेव्हा तू मला पक्कड दाखवलीस.

पण तुझाही दिवस आला. स्पार्क प्लगच्या वायरी मी लावल्या, पुस्तकातला क्रम घोकून. इंजिनने एक जोरदार फटाका फोडला आणि शेजारच्या आंब्यावरचे कावळे उडाले. मी एक नंबरचा सिलिंडर उलट्या टोकाकडून मोजला होता. "मॅडमला एक कुठून सुरू होतो तेच म्हाईत नाय!" तू हे टेम्पोवाल्यांना सांगितलंस, पाववाल्याला सांगितलंस, तुझ्या बायकोला, कुंदावहिनींना, तर माझ्यासमोर अभिनय करून दाखवलास. मी आतून खूश होते. इतकं कुणी माझ्यावर हसलेलं नव्हतं, आणि इतक्या प्रेमानं तर मुळीच नाही. हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

मग एकदाची गाडी सुरू झाली. वहिनींनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. इंजिन असं गोड चाललं की तू चप्पल काढून उभा राहिलास. आणि मग इंजिन तापलं, रेडिएटरचा पंखा लागला, आणि त्याच क्षणी गाडी खोकायला लागली. मागून काळा धूर, दोन आचके, बंद. वहिनींनी दोरीवर टाकलेल्या चादरींवर काजळी बसली. पंखा थांबला की पुन्हा सुरू. पंखा लागला की पुन्हा काळा धूर. तेव्हापासून त्या शेवटच्या रविवारपर्यंत हेच. राजोडीला तर बघायलाच नको. "वाऱ्यावर इंजिन थंड राहील, पंखा लागनारच नाय," म्हणून तू मला किनाऱ्यापर्यंत नेलंस. सुरूच्या बनाजवळ सहलीच्या गाड्यांची गर्दी, आपण अडकलो, पंखा लागला. पोहायच्या चड्ड्या घातलेल्या लोकांनी आपली गाडी ढकलली. तू स्टिअरिंगवर बसून त्यांना सूचना देत होतास.

मी मीटर लावून मोजलं. इंजिनच्या गरमीचा जो सेन्सर, त्याच्या अर्थिंगची वायर कॉम्प्युटरने स्वतःकडे मागितलेली असते, फक्त स्वतःकडे. तू ती तिकडे दिलीसच, पण सवयीने तिला एक शेपटीही काढलीस आणि इंजिनच्या पत्र्याला आवळलीस, ग्रीस फासून. पंखा लागला की त्याची वीज परत जाताना थोडी त्या शेपटीतून कॉम्प्युटरमध्ये घुसायची. कॉम्प्युटरला वाटायचं इंजिन एकदम गारठलं, की तो पेट्रोल ओतायचा. इंजिन गुदमरायचं. मी म्हटलं, "हरेश्वर, ही एक शेपटी काप. बाकी सगळ्या राहू देत."

तू असं बघितलंस, जसं काही मी तुझं बोट कापायला सांगितलं.

"पंखा भारी वीज खातो, वायर बारीक पडते," तू म्हणालास. पंख्याची वायर बदललीस. फरक नाही. मग बॅटरी बदललीस. मग सेन्सर. मग म्हणालास कॉम्प्युटरच आदळलेला आहे, त्यात दोष आहे. मी दर रविवारी तेच म्हणायचे आणि तू दर रविवारी दुसरंच काहीतरी उघडून बसायचास. "घाटावरच्या लोकांना गंज म्हंजे काय ते म्हाईत नाय. आज कापीन, पावसाल्यात काय करू?" मी म्हणायचे, अरे, पावसाळ्याचं पावसाळ्यात बघू, आत्ता गाडी तरी चालू दे. तुला राग गाडीचा नव्हता, माझाही नव्हता. आयुष्यभर ज्या एका गोष्टीने तुझ्या हातचं काम टिकलं, तीच इथे आडवी येते आहे, हे तुला पटवून घ्यायचं नव्हतं. मला ते कळत होतं. कळत होतं तरी मी गप्प बसत नव्हते, कारण मी बरोबर होते आणि बरोबर असलं की माझी जीभ आवरत नाही. तुझीही आवरत नसे.

त्या शेवटच्या रविवारी तू पाना आपटलास, मी पर्स उचलली, रिक्षा केली. आपल्यात हे काही नवीन नव्हतं. पुढच्या रविवारी मी येणार होते आणि तू चहा मागवणार होतास. बुधवारी दुपारी जेवून तू आडवा झालास आणि उठलास नाही. वहिनी चारला चहा घेऊन गेल्या तेव्हा कळलं.

मग घरात, आळीत, सगळीकडे एकच सुरू झालं. "गाडीनंच खाल्ला त्याला." तुझा भाऊ म्हणाला, रात्रंदिवस तेच डोक्यात, जमेना, म्हणून काळजाला लागलं. वहिनी गाडीच्या बाजूने जाताना पदर आवळून घ्यायच्या. शेवटी त्यांनी मला फोन केला. "शैला, भंगारवाला सोमवारी येतो. तुला त्यातलं काय हवं असलं तर घेऊन जा. मला ती डोळ्यांसमोर नको."

 गाडी जाण्याचं दुःख नव्हतं. पण ती अशी गेली असती तर तुझ्यामागे एवढंच उरलं असतं, की हरेश्वरने म्हातारपणी नको ते अंगावर घेतलं, त्याला ते आलं नाही आणि त्यातच तो गेला. लोक हे पिढ्यान् पिढ्या सांगतात. मला ते सहन होणार नव्हतं. मी रविवारी सकाळी आले, माझा मीटर आणि कटर घेऊन. तुझी ती शेपटी कापून गाडी चालवून दाखवायची आणि मग खुशाल भंगारात द्या, असं ठरवून आले होते. वाटेत तुझ्याशी मनातल्या मनात भांडतही होते. तू नाही म्हणायला नसताना तुझी वायर कापायची, हे मला चोरीसारखं वाटत होतं. 

बॉनेट उघडलं. सेन्सरच्या खाली हात घातला. बोल्ट सापडला, त्यावरचं तुझं ग्रीस सापडलं. वायर नव्हती.

मला वाटलं चुकीचा बोल्ट. टॉर्च लावून बघितलं. बोल्ट तोच, वायर गायब. मग सेन्सरकडून शोधत आले, तर तिथे वायरींच्या वेणीच्या आतच ती नीट छाटलेली. टोकावर तुझी ती काळी टेप, तीन वेढे, शेवटचा वेढा अंगठ्याने दाबून बसवलेला. दुसरा कुणी असा दाबत नाही. हरेश्वर, तू ती कापली होतीस. मी गेल्यानंतर कधीतरी, मला न सांगता, एक मिस कॉलसुद्धा न देता!

मला इतका राग आला की मी तिथेच खाली बसले. मग वाटलं, कापलीस, पण गाडी सुरू करून बघितलीस का? की नुसतीच कापलीस, उद्या बघू म्हणालास, आणि जेवायला गेलास? कोणाला विचारू? मी उठले आणि किल्ली फिरवली.

इंजिन लागलं. मी काट्याकडे बघत उभी राहिले. काटा चढत होता. मग खट्ट झालं आणि पंखा लागला. इंजिन किंचित बसलं, पुन्हा सावरलं, आणि चालत राहिलं. मी हेडलाइट लावले. वायपर लावले. हॉर्न दाबून धरला. जेवढं म्हणून वीज खातं तेवढं सगळं लावलं. ती पांढरी म्हातारी चालतच राहिली आणि मागे धुराचा टिपूस नाही.

हॉर्नने वहिनी बाहेर आल्या. ओले हात तसेच. मला वाटलं रागावतील. त्या पायरीवर थांबल्या आणि कान देऊन ऐकत राहिल्या.

"आशीच चालू होती त्या दिवशी," त्या म्हणाल्या.

"कुठल्या दिवशी, वहिनी?"

"बुधवारी. दुपारची. बंदच होईना. मी दोनदा वरडले, जेवन निवतं, बंद कर आता. मंग आला."

मी इंजिनच्या आवाजावरून ओरडून विचारलं, "पंखा चालू होता? धूर होता का?"

"पंख्याचं मला काय कलतं? धूर नव्हता. चादरी दोरीवर होत्या, काय नाय झालं त्यांना." त्यांनी ओले हात पदराला पुसले. "जेवताना आपला आपला हसत होता. मी म्हटलं काय झालं, तर म्हने, शैलाला सांगू नको. उगा शेफारल. रविवारी गाडीच घेऊन जातो तिच्या दारात, मंग बघू काय बोलते."

"मग मला सांगितलं का नाही, वहिनी?"

"मला वाटलं तुमचं नेहमीचं कायतरी," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्या तोंडाकडे बघताना त्यांच्या लक्षात यायला लागलं. "म्हंजे झालं होतं त्याचं? जमलं होतं त्याला?"

"जमलं होतं, वहिनी. पुरतं जमलं होतं."

त्या पायरीवरच बसल्या आणि तेराव्यालाही रडल्या नव्हत्या तशा रडल्या. मी गाडीला टेकून रडले. गाडी आमच्या दोघींच्या मध्ये चालू. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "त्या भंगारवाल्याला फोन लाव. म्हनावं, येऊ नको." आणि तुझ्या भावाच्या घराकडे तोंड करून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हसत गेला माझा नवरा. गाडीनं नाय खाल्ला."

हरेश्वर, मी शेफारलेय. तुला भीती होती ना, तेच झालंय. नायगावपासून होळी बाजारापर्यंत प्रत्येक टेम्पोवाल्याला सांगत सुटणार आहे, की शैलाने सांगितलं आणि हरेश्वरने कापली. हरला, म्हणणार आहे. मान खाली घालून ऐकलं माझं, असंही म्हणणार आहे, आणि ते खोटं आहे हे मला माहीत आहे. तुला एवढं खोटं सहन होत नसेल तर ये, आणि तोंड बंद कर माझं.